पडद्यावरचा बाण आपोआप फिरत होता

बडोद्यात दांडिया बाजारात आम्ही रविवारी मुलांचा मराठी वर्ग घेतो. मुलं घरी मराठी बोलतात, पण शाळा गुजराती नाहीतर इंग्रजी, म्हणून वाचताना अडखळतात. त्या रविवारी सयाजीराव महाराजांचा धडा होता. १९०६ साली त्यांनी साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ते मुलांना मोठ्या अक्षरांत दाखवायचं होतं. मजकूर पुण्याहून माझ्या नणंदेनं टाइप करून पाठवला होता.

सुरुवातीला प्रोजेक्टरवर ‘नो सिग्नल’ आलं. ते मला जमतं. रिमोटवरचं सोर्सचं बटण दाबून एचडीएमआय निवडायचं, लॅपटॉपवर विंडोज आणि पी एकदम दाबून डुप्लिकेट करायचं. चित्र आलं, पण फाइल उघडली तर एकही मराठी अक्षर नाही, नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. सतरा मुलं समोर बसलेली. घाईत मी ‘फाइल उघडत नाही, मदत क्रमांक’ असं शोधलं आणि सगळ्यात वर आलेल्या नंबरला फोन लावला. ती जाहिरात होती, हे नंतर कळलं.

माणूस हिंदीत बोलत होता, अगदी आदबीनं. फाइलमध्ये व्हायरस शिरलाय, मॅडम, आत्ताच साफ करून देतो. त्यानं एक ॲप उतरवायला लावलं, त्यात दिसणारा आकडा विचारला आणि परवानगीचं बटण दाबायला सांगितलं. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘‘काकू, बाण आपोआप फिरतोय.’’ मी तिला गप्प बसवलं. ते मला आजही टोचतं. लॅपटॉप दुसऱ्याच्या हातात गेलाय, हे त्या लेकराला पडद्यावर स्वच्छ दिसत होतं.

मग दहा रुपये फी नेटबँकिंगनं भरायला सांगितली. मी युजर आयडी आणि पासवर्ड टाकला, तोही त्याच्या डोळ्यांदेखत. लगेच पडदा काळा झाला. ‘स्कॅन चालू आहे’, तो म्हणाला. फोनवर आलेले आकडे ‘नोंदणीचा कोड’ म्हणून मागितले आणि मी दोनदा वाचून दाखवले. ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कम लिहिलेली होती, पण मी फक्त आकडे पाहिले. २४,५०० आणि १९,९९९ रुपये गेले.

तिसऱ्यांदा कोड मागितला तेव्हा मात्र मेसेज पूर्ण वाचला. फोन ठेवला, वायफाय बंद केलं, बँकेला कळवून खातं गोठवलं आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या सरकारी मदत क्रमांकाला फोन केला. असं काही झालं तर लाज वाटून थांबू नका, मिनिटंसुद्धा मोलाची असतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ओटीपी आपणच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. कळवल्यानंतर होणारं बँकेचं. १९३० वर तक्रार गेली की पैसे पुढच्या ज्या खात्यात पोचले असतील तिथेच अडवायचा प्रयत्न होतो. माझे १९,९९९ असेच अडले. २४,५०० तोवर काढून घेतले होते.

फाइलला तर काहीच झालेलं नव्हतं. नणंदेनं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. त्यात आत इंग्रजी अक्षरांचेच संकेत असतात, मराठी रूप तो फॉन्ट देतो. माझ्या लॅपटॉपवर तो नव्हता, एवढंच. तिच्याकडूनच पीडीएफ करून मागवली असती, तर फॉन्ट सोबत आला असता. तुमच्या शाळेत, वर्गात कुणाची फाइल अशी उघडली, तर ज्यांनी पाठवली त्यांनाच फोन करा. आणि मदतीचा नंबर शोधायचाच असेल, तर यंत्राच्या खोक्यावरून किंवा बिलावरून घ्या.

लॅपटॉप पूर्ण पुसून विंडोज नव्यानं टाकलं, पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलले. पुढच्या रविवारी पीडीएफ लावली आणि त्या मुलीची सगळ्यांसमोर माफी मागितली. धडा तिनंच वाचला. अडवलेले पैसे अजून खात्यात जमा झालेले नाहीत. बँकेत अर्ज दिलाय.