पायथनची ‘रिलायबिलिटी’ लायब्ररी: टॉवेलच्या मागाला नि साखर कारखान्याला कितपत कामाची?

रॅपियर मागाची टेप (बाण्याचा धागा आत नेणारी पट्टी) कधी बदलायची, हे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत बहुतेक ठिकाणी जॉबरचा, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा, कान ठरवतो. कान खोटा नसतो, पण तो रात्रपाळीला घरी असतो. बिघाडाच्या नोंदींवरून हेच गणित मांडणारी ‘रिलायबिलिटी’ ही पायथन या संगणकीय भाषेची लायब्ररी (तयार कोडचा संच) फुकट आहे, आणि एकदा लॅपटॉपवर बसवली की इंटरनेटशिवाय चालते. बटणं दाबायचं अ‍ॅप मात्र हे नव्हे. चार-पाच ओळींचा कोड लिहावा लागतो, मदतपुस्तिका इंग्रजीत आहे. डिप्लोमा झालेला एखादा मुलगा मेंटेनन्सला असेल तर दोन दिवसांत हात बसतो.

रोजच्या कामाचं फंक्शन म्हणजे ‘फिट वायबुल टू-पी’; वायबुल हे भाग किती वयाला जातात ते मांडणारं सूत्र. त्याला दोन याद्या द्यायच्या: किती तासांवर भाग गेला ती एक, आणि अजून चालू असलेल्या भागांचे आजपर्यंतचे तास ही दुसरी. ही दुसरी यादी जवळजवळ कोणीच देत नाही, आणि तिथेच सगळं बिघडतं. समजा दहा टेपांपैकी चार ३००, ५००, ७०० आणि ९०० तासांना गेल्या, उरलेल्या सहा १००० तास होऊनही धडधाकट आहेत. फक्त गेलेल्या धरल्या तर सरासरी ६०० तास येते. सहांचे ६००० तास मिळवून एकूण ८४०० ला चार बिघाडांनी भागलं (बिघाड यदृच्छेने होतात असं धरून) तर २१०० येतात. साडेतीनपट फरक! ६०० च्या भरवशावर टेपा बदलत राहिलात तर चांगला माल भंगारात जाईल.

उत्तरात दोन आकडे मिळतात. अल्फा, ज्याला पुस्तकांत ईटा म्हणतात, म्हणजे ६३.२ टक्के भाग ज्या वयापर्यंत जातात ते वय. आणि बीटा. तो १ पेक्षा बराच जास्त असेल तर भाग झिजून जातोय, वेळेवर बदलण्यात अर्थ आहे. १ च्या आसपास असेल तर बिघाड यदृच्छेने होतोय, नवा भाग टाकून फरक पडणार नाही. १ पेक्षा कमी असेल तर नवाच भाग लवकर जातोय, म्हणजे बसवणीत किंवा मालात खोट आहे. चार-पाच बिघाडांवर काढलेल्या बीटाला फार मान देऊ नका. लायब्ररी ९५ टक्के खात्रीची मर्यादा (खरा बीटा कुठून कुठपर्यंत असू शकतो) दाखवते, ती आधी बघा. ती १ च्या दोन्ही बाजूंना पसरली असेल तर अजून नोंदी हव्यात.

या लायब्ररीत सगळ्यात जास्त पैसे वसूल करून देणारं फंक्शन बदलाची योग्य वेळ काढतं. उदाहरणादाखल बीटा ३, अल्फा २००० तास, टेप ठरवून बदलण्याचा खर्च ४००० रुपये आणि अचानक तुटली तर माग बंद, खराब कापड, रात्रीची धावपळ धरून २०,००० रुपये घ्या. उत्तर येतं साधारण १००० तास. खर्च ताशी सुमारे ६ रुपये, तुटेपर्यंत चालवली तर ११. माग दिवसाला वीस तास चालत असेल तर सात आठवड्यांनी टेप बदलायची. आता तुटण्याचा खर्च २०,००० ऐवजी ८००० धरा: वेळ जाते १६०० तासांच्या पुढे आणि बचत उरते ताशी जेमतेम अर्धा रुपया. म्हणजे माग बंद राहण्याचा खरा खर्च मालकाकडून लिहून घेतल्याशिवाय हे फंक्शन चालवूच नये. बीटा १ पेक्षा कमी दिला तर लायब्ररी स्वतःच बजावते की ठरवून बदलण्यात फायदा नाही.

साखर कारखान्यांना नेमकी हीच ताकीद उपयोगी पडावी. हंगाम संपल्यावर मिल, फायब्रायझर (ऊस फोडणारं यंत्र), केन कॅरिअर (ऊस वाहून नेणारा पट्टा) सगळं उघडलं जातं, आणि मोळी टाकल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच बंद पडण्याची रांग लागते. कपलिंगची रेघ चुकलेली, बेअरिंगचा क्लिअरन्स जास्त, ग्रीसमध्ये कचरा. अशा नोंदींचा बीटा १ च्या खाली येतो. उपाय आणखी भाग बदलणं नाही. अलाइनमेंट तपासून विनाभार चाचणी लांबवणं हा आहे. बंद काळातले महिने तासांत धरू नयेत, पण गंज त्या महिन्यांतच चढतो. म्हणून गंजाने गेलेले भाग वेगळ्या यादीत.

मर्यादा दोन. अख्ख्या मागाच्या सगळ्या थांब्यांना वायबुल लावू नका. ताणा तुटला, बाणा तुटला हा मागाचा बिघाड नाही. दुरुस्त होऊन परत चालणाऱ्या यंत्राच्या थांब्यांमधली अंतरं वाढतायत की घटतायत हे ‘आरओसीओएफ’ नावाच्या फंक्शनने बघायचं. दुसरं, वय सोडून बाकीची कारणं वरच्या फंक्शनांना दिसत नाहीत. एप्रिल-मेमध्ये ड्राइव्ह पॅनेल एकामागून एक गेले तर सोलापूरचं ऊन आणि फिल्टरवर बसलेला कापसाचा रुवा आधी बघावा, तासांचा आलेख नंतर.

नोंदवहीत सात रकाने पुरतात: माग क्रमांक, भाग, बसवल्याची तारीख, त्या वेळचं पिक काउंटरचं (बाण्याचे धागे मोजणाऱ्या मीटरचं) वाचन, काढतानाचं वाचन, कारण (झिजला, तुटला, अडकला) आणि तुटून काढला की तसाच बदलला. शेवटचा रकाना जॉबरकडून हमखास कोरा राहतो, आणि तो कोरा असला की भाग कुठल्या यादीत टाकायचा तेच ठरत नाही.