थारसाठी स्वस्तातला कॉम्प्रेसर: ११ महिन्यांनंतर

मागच्या रविवारी तोरणमाळला यशवंत तलावाच्या काठावर पाऊण तास अडकून पडलो, तेही एका रबरी वायसरपायी. पाड्यांकडच्या दगडी वाटेवरून आलो होतो, चारही टायरची हवा मुद्दाम कमी करून २० पीएसआयवर (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप, एरवी मला ३२ लागतात). पुढे शहाद्यापर्यंत घाट आणि डांबरी रस्ता, वरून मे महिना. एवढ्या कमी हवेवर तापलेल्या डांबरावरून वेगात गेलं की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते आणि आतून तापत जाते. तशी गाडी मी घाटात नेत नाही. हवा भरायचा कॉम्प्रेसर काढला, पाइपचं पितळी टोक व्हॉल्व्हवर फिरवून बसवलं, तर हवा टायरमध्ये कमी आणि बाहेर जास्त. आतलं वायसर कडक होऊन चिरलं होतं. आप्पा सोबत होते, त्यांनी विचारलंच, "हवा भराले इतला येळ लागस का रे?" शेवटी पेटीतल्या जुन्या ट्यूबच्या तुकड्यातून चकती कापली, खिळ्याने भोक पाडलं, आत बसवली, तेव्हा हवा धरली.

माझं काम ठिबक बसवण्याचं. चोपडा, यावल, शहादा, कधी धडगावपर्यंत जावं लागतं. गाडी जुनी थार सीआरडीई, टायर २३५/७० आर १६. हवा कमी करणं ही माझी हौस नाही, रोजची गरज आहे. तापीच्या वाळूत १८ वर आणलं की जी गाडी रुतत होती तीच सरळ निघते, कारण टायर पसरतो आणि वजन जास्त जागेवर वाटलं जातं. दगडाच्या वाटेला २० ते २२. १५ च्या खाली मी जात नाही, वळणावर टायर रिमवरून सुटू शकतो. आपल्या काळ्या मातीच्या चिखलात मात्र ही युक्ती फारशी चालत नाही. माती खाचांत चिकटून बसते, टायर गुळगुळीत होऊन जातो, आणि हवा कमी केल्याने ती सुटत नाही. तिथे २६ च्या आसपास ठेवून हळू चालवतो.

हवा सोडायला दोन मिनिटं लागतात. भरायचं काय, हा खरा प्रश्न. शेतापासून पंक्चरवाला कधी २० किलोमीटरवर, आणि तिथे वीज असेलच असं नाही.

सुरुवातीला १,७५० रुपयांचा, सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा घेतला होता. डब्यावर १५० पीएसआय लिहिलेलं वाचून मी भुललो. आपल्याला ३२ च हवेत, मग १५० चा उपयोग काय, हे तेव्हा सुचलं नाही. एका चाकाला १०-११ मिनिटं लागायची आणि तिसऱ्या चाकापर्यंत तो तापून आपोआप बंद पडायचा. त्यात त्याचा फार दोष नाही. लायटरच्या सॉकेटचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपियरचा असतो, म्हणजे फार तर १५०-१८० वॅट. तेवढ्यात मोठा टायर भरायचा म्हणजे वेळ लागणारच. मोटारसायकलला तो उत्तम आहे, मेव्हण्याला देऊन टाकला.

मग एका मित्राचा बॅटरीवरचा, हातात मावणारा महिनाभर वापरला. शहरातल्या कारला दोन-तीन पीएसआय वाढवायला छान, पण आमच्या कामात दोन चाकांत त्याचा जीव जातो.

गेल्या जूनमध्ये ४,६०० रुपयांना सध्याचा घेतला. एका सिलिंडरचा, थेट गाडीच्या बॅटरीला चिमटे लावायचे, ३० अँपियरचा फ्यूज वायरीतच. डब्यावर मिनिटाला ७२ लिटर. हा आकडा मी घड्याळ लावून तपासला, कारण विकत घेताना खरा बघायचा तो हाच. माझ्या मापाच्या टायरमध्ये अंदाजे ५५ लिटर जागा असते. २० वरून ३२ वर न्यायचं म्हणजे १२ पीएसआय. वातावरणाचा दाब साधारण १४.७, त्यामुळे (५५ × १२ ÷ १४.७) बाहेरची ४५ लिटर हवा आत ढकलावी लागते. माझ्या कॉम्प्रेसरला डिसेंबरात दोन मिनिटं लागली. म्हणजे मिनिटाला २२-२३ लिटर. ७२ हा आकडा समोर दाब नसताना, पाइप मोकळा असतानाचा. ज्यांचे टायर माझ्या मापाचे आहेत त्यांनी डब्यावरच्या आकड्याचा तिसरा हिस्सा धरून हिशेब करावा. मी तसाच करतो.

इंजिन चालू ठेवूनच भरायचं. इंजिन बंद असलं की बॅटरीचा विजेचा दाब १२ व्होल्टच्या आसपास उतरतो, चालू असताना १४ च्या जवळ असतो, आणि मोटरच्या आवाजातच फरक कळतो.

ऑक्टोबरपर्यंत मी सगळ्यांना सांगत होतो की हा घेऊ नका. चौथ्या महिन्यात त्याने दाब देणं बंद केलं. मोटर फिरते, काटा १५ च्या वर जात नाही. वॉरंटी वर्षाची होती. कंपनीला फोन केला, तर आधी पार्सल स्वतःच्या खर्चाने पाठवा म्हणाले. पाठवलं. तीन आठवडे उत्तर नाही. मग सांगितलं की धुळीत वापरल्यामुळे वॉरंटी लागू नाही. डब्यावर जीपचं चित्र छापायचं आणि धुळीत वापरलं म्हणून नाकारायचं, हे मला अजून पटलेलं नाही. परत मागवण्याचेही पैसे मलाच भरावे लागले.

जळगावला एमआयडीसीत कॉम्प्रेसर दुरुस्त करणाऱ्याकडे नेला. त्याने चार बोल्ट काढले, वरचं झाकण उघडलं आणि दाखवलं. आत पातळ पत्र्याची झडप असते, हवा एका बाजूने आत घेते, दुसऱ्या बाजूने सोडते. तिच्याखाली धुळीचा थर बसला होता, झडप पूर्ण मिटत नव्हती. पिस्टनची रिंग शाबूत होती. साफ करून १५० रुपये घेतले. हवा ओढायच्या तोंडावर नखाएवढा स्पंज होता, तो काढून त्याने जाड स्पंज बसवून दिला. तेव्हापासून माझं मत बदललं. कंपनी वाईट आहे, यंत्र चांगलं आहे. जे चार बोल्टांत उघडतं आणि जळगावात दुरुस्त होतं, त्याला मी पुन्हा ४,६०० रुपये देईन. स्पंज मी आता दर महिन्याला साबणाच्या पाण्यात धुतो.

एका गोष्टीवर मात्र माझा राग गेलेला नाही, ते म्हणजे पाइपचं पितळी टोक. सहा आटे फिरवून बसवायचं, सहा आटे फिरवून काढायचं. काढताना व्हॉल्व्हची कळ दाबलेलीच राहते, म्हणून सुटेपर्यंत एक-दीड पीएसआय निघून जातं. ३२ हवेत तर ३३.५ भरावे लागतात. त्यात दाबलेली हवा गरम असते, आणि मूळ पाइप जेमतेम मीटरभर, त्यामुळे टोकापर्यंत तशीच पोचते. मे महिन्यात दुपारी ४५ अंशात तिसऱ्या चाकाला ते बोटांनी धरवत नाही. मी दिवसभर पाइपांचे जोड बसवतो. जोडातून एक थेंब गळला तर शेतकरी मला परत बोलावतो, आणि ते योग्यच आहे. मग हवेच्या जोडाला हा नियम का नको? एवढी दमदार मोटर दिली, आणि जिथे हवा खरोखर टायरमध्ये जाते तिथे दोन रुपये वाचवले.

तोरणमाळहून आल्यावर ते टोक कापून टाकलं. पंक्चरवाल्याकडे असतं तसं दाबून अडकवायचं क्लिपचं नोझल १८० रुपयांना मिळालं. पाव इंची जोड, टेफ्लॉन टेप आणि पाच मीटर पाइप धरून सगळा खर्च ६४० झाला. बॅटरीपासून मागच्या चाकापर्यंत पाइप आता ताणावा लागत नाही. नोझल एका झटक्यात निघतं, हवा जवळपास जातच नाही, आणि टोक कोमट राहतं.

पाइप लांब झाल्यावर एक लक्षात आलं. मोटर चालू असताना कॉम्प्रेसरवरचा काटा आधीपेक्षा जास्त दाखवतो, कारण तो पाइपमधला दाब मोजतो, टायरमधला नाही. मोटर बंद करून काटा स्थिर झाल्यावरच वाचायचं. मी वेगळा साधा गेजही ठेवलाय. आपल्याकडे दिवसाच्या वेळेचाही फरक पडतो. तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की दाब अंदाजे एक पीएसआय चढतो, म्हणजे भर दुपारी ३२ भरलेला टायर पहाटे २९ दाखवतो. तो पंक्चर नसतो.

दोन सिलिंडरचा, एआरबी कंपनीचा महागडा कॉम्प्रेसर हातात घेऊन बघितलाय, त्याचे जोड पाहूनच समाधान वाटतं. पण तेवढ्या पैशांत माझे चारही टायर येतात. जुन्या ट्यूबमधून कापलेल्या आठ चकत्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवल्यात, नोझलमधलं वायसर कधीतरी चिरेलच.