संगणक विज्ञानाचं अनुदान: आधी शिक्षक की आधी उपकरणं?

अनुदान मिळण्याची चिन्हं दिसू लागली की शाळेत पहिला प्रश्न निघतो तो, "लॅपटॉप किती येतील?" तीस मुलं चार जुन्या संगणकांभोवती दाटीवाटीने उभी असतात, त्या वर्गाच्या शिक्षकाला दुसरं काही सुचणार तरी कसं! मी काही वर्षं शाळांना असे प्रस्ताव लिहायला मदत करते आहे, आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. पैसा मोजकाच असेल आणि शाळेत थोडी का होईना, चालती यंत्रं असतील, तर आधी शिक्षकाच्या प्रशिक्षणावर खर्च करा, नवी उपकरणं मागाहून आणा. याला अपवाद आहेत आणि तेही महत्त्वाचे आहेत, त्यामुळे दोन्ही बाजू मांडते. तुमच्या शाळेचं घोडं नेमकं कुठे अडलंय, हे ओळखायला त्याची मदत व्हावी.

उपकरणांवर खर्च केला तर

या खर्चाची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे तो दिसतो. यंत्रं मोजता येतात, त्यांची नोंदवहीत नोंद होते, देणाऱ्याला अहवालात आकडा देता येतो. आणि मुलांच्या हातात यंत्र नसेल तर प्रोग्रॅमिंग येत नाही, हेही तितकंच खरं. दुसऱ्याने टाइप केलेला कोड बघून मुलं माना डोलावतात. स्वतः लिहायला बसली की पहिल्याच कंसावर अडतात. तो अडखळण्याचा वेळ प्रत्येक मुलाला मिळायलाच हवा.

पण यंत्र आलं म्हणजे शिक्षण आलं, असं होत नाही. याचा मोठा पुरावा पेरूमधून आला. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' (दर मुलामागे एक लॅपटॉप) या मोहिमेतून तिथल्या ग्रामीण प्राथमिक शाळांत लॅपटॉप वाटले गेले आणि ३०० हून अधिक शाळांमध्ये त्याचा अभ्यास झाला. ज्या शाळांना लॅपटॉप मिळाले तिथे दर मुलामागे एकापेक्षा जास्त संगणक झाले. जिथे मिळाले नाहीत तिथे हे प्रमाण आठ मुलांमागे एक असं होतं. तरीही गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. विचारशक्तीच्या काही सर्वसाधारण चाचण्यांत मात्र सुधारणा दिसली. हा अभ्यास संगणक विज्ञान या विषयाचा नव्हता, म्हणून त्यातून वाटेल तो निष्कर्ष काढणं बरोबर नाही. पण नुसतं यंत्रांचं प्रमाण वाढवून वर्गातलं शिकणं आपोआप वाढत नाही, एवढं त्यातून नक्की घेता येतं.

दुसरं उदाहरण ब्रिटनचं. २०१६ मध्ये तिथल्या ११-१२ वर्षांच्या मुलांना बीबीसी मायक्रोबिट हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड फुकट देण्याची योजना राबवली गेली. सुमारे दहा लाख बोर्डांचा हा बेत होता. तळहातात सहज मावणारा बोर्ड, पंचवीस छोटे दिवे, दोन बटणं, हालचाल ओळखणारा सेन्सर. उपकरण म्हणून मला ते फार आवडतं, कारण मूल पहिल्याच तासाला स्वतः काहीतरी चालवून दाखवतं. पण वाटप आदल्या शरद ऋतूत व्हायचं होतं, ते मार्चपर्यंत लांबलं. तिथलं शैक्षणिक वर्ष जुलैत संपतं. म्हणजे बहुतेक वर्गांच्या हाती काही महिनेच उरले. उपकरणं उशिरा येतात, हे गृहीत धरूनच वेळापत्रक आखा.

मग ज्या खर्चाचा प्रस्तावात विसर पडतो, तो. चार्जिंगची सोय, झाकण तुटणं, चोरी, लॉगिनचा गोंधळ, वायफाय, आणि हे सगळं सांभाळणारा माणूस. चाळीस मिनिटांच्या तासातली दहा मिनिटं पासवर्डमध्ये गेली तर वर्षभरात पाव विषय गेला. शिवाय यंत्राचं आयुष्य हार्डवेअर किती टिकतं एवढ्यावरच ठरत नाही. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा मोफत आधार (सुरक्षा अपडेट वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप जुन्या अनेक संगणकांत नाही. क्रोमबुकना, म्हणजे गुगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपना, आता दहा वर्षं अपडेट मिळतात, पण ती वर्षं ते मॉडेल ज्या प्लॅटफॉर्मवर (मूळ हार्डवेअर रचनेवर) बनलं तो बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही खरेदी केल्यापासून नाही. स्वस्तात मिळालेल्या जुन्या मॉडेलची निम्मी वर्षं आधीच सरलेली असू शकतात. कोटेशन मागवताना 'अपडेट कोणत्या तारखेपर्यंत' हा रकाना स्वतः घाला.

टॅब्लेटचंही बघा. स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायचं साधन, २०१९ पासून टॅब्लेटवर चालतं, लहान मुलांना ते पुरतं. मोठ्या मुलांना पायथन या भाषेत टाइप करून प्रोग्रॅम लिहायचा असेल तर कीबोर्डाशिवाय हाल होतात.

शिक्षकांवर खर्च केला तर

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. या विषयात ते अगदी तंतोतंत लागू पडतं, कारण जगभर हा विषय शिकवणारे पुष्कळ शिक्षक मुळात गणिताचे, विज्ञानाचे किंवा नुसत्या ऑफिस सॉफ्टवेअरचे आहेत. त्यांना विषय दिला गेला, तयारी दिली गेली नाही.

इंग्लंडने हे मोठ्या प्रमाणावर अनुभवलं. सप्टेंबर २०१४ मध्ये तिथे जुना आयसीटी (माहिती आणि संवाद तंत्रज्ञान) विषय जाऊन कम्प्युटिंगचा नवा अभ्यासक्रम आला. पाच वर्षांच्या मुलांपासून अल्गोरिदम (काम करायच्या पायऱ्यांची नेमकी मांडणी) शिकवायचं ठरलं. धोरण धाडसी होतं. शिक्षकांची तयारी मात्र मागे राहिली, आणि २०१७ मध्ये रॉयल सोसायटी या ब्रिटनच्या विज्ञान संस्थेच्या अहवालाने ही उणीव स्पष्ट मांडली. त्याच वर्षी सरकारने ८.४ कोटी पौंड जाहीर केले. त्यातून ८,००० पर्यंत शिक्षकांना तयार करण्याचं ठरलं आणि २०१८ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. म्हणजे अभ्यासक्रम आधी आला आणि प्रशिक्षणाची भक्कम सोय चार वर्षांनी. अख्ख्या देशाला जो क्रम नंतर दुरुस्त करावा लागला, तो एका शाळेला कागदावरच दुरुस्त करता येतो.

प्रशिक्षण म्हणजे किती प्रशिक्षण? इथेच बहुतेक प्रस्ताव लंगडे पडतात. 'दोन दिवसांची कार्यशाळा' एवढी एक ओळ लिहून आपण मोकळे होतो. शिक्षक प्रशिक्षणावर अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात १,३०० हून अधिक अभ्यास तपासले गेले आणि काटेकोर कसोटीला त्यातले फक्त ९ उतरले. ते प्राथमिक शाळेतल्या गणित, विज्ञान आणि वाचनाचे होते. त्यांच्यातून दिसलं ते असं: १४ तासांहून जास्त प्रशिक्षण मिळालं तिथे मुलांच्या शिकण्यात फरक पडला, त्याहून कमी तासांत ठोस परिणाम दिसला नाही. या नऊ अभ्यासांतल्या प्रशिक्षणाची सरासरी होती ४९ तास. संगणक विज्ञानाला हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण जो विषय शिक्षक स्वतः शाळेत शिकलाच नाही, त्याला कमी तास पुरतील असं मला वाटत नाही.

या तासांनी वर्गात काय बदलतं, ते एका प्रसंगावरून सांगते. एका वर्गात मी मागे बसले होते. मुलांनी १ ते १० आकडे छापणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता: मोजणी १० पेक्षा लहान आहे तोवर छाप आणि एकाने वाढव. पडद्यावर आकडे आले नऊच. एका मुलीने विचारलं, "सर, दहा का नाही आला?" सर म्हणाले, "दहाच्या जागी अकरा लिही, येईल." आला. मुलगी जागेवर जाऊन बसली. का आला, हे तिला कळलं नव्हतं, आणि सरांनाही ते शब्दांत सांगता आलं नसतं. काही महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर मी त्याच सरांच्या तासाला पुन्हा गेले. तोच प्रश्न दुसऱ्या मुलाकडून आला. सरांनी कीबोर्डाला हात लावला नाही. फळ्यावर दोन रकाने आखले, एकात 'मोजणी', दुसऱ्यात 'पडद्यावर काय आलं'. एकेक फेरी मुलांकडून वदवून घेतली. मोजणी दहावर आली तेव्हा थांबून विचारलं, "दहा हा दहापेक्षा लहान आहे का?" वर्ग एका सुरात म्हणाला, "नाही!" आणि मागून एक मुलगा आपणहून बोलला, "म्हणजे लहान किंवा समान असं लिहायला पाहिजे." यंत्रं तीच होती, खोलीही तीच.

चांगलं प्रशिक्षण ओळखायच्या माझ्या खुणा साध्या आहेत. शिक्षक स्वतः कोड लिहितात, चुकवतात आणि दुरुस्त करतात का? मुलं कुठे गोंधळतात यावर बोलणं होतं का? 'एक्स = एक्स + १' याचा प्रोग्रॅममध्ये अर्थ 'एक्स एकाने वाढव' असा, पण ते गणिताच्या सवयीने वाचणाऱ्या मुलाला अशक्य वाटतं. हा गोंधळ कसा सोडवायचा, हे प्रशिक्षकाला विचारून बघा. आणि नंतर वर्गात येऊन कोणी बघणार आहे का? हे तिसरं नसेल तर प्रमाणपत्र मिळतं, सवय बदलत नाही.

या खर्चाला दोन मोठे धोके आहेत. पहिला म्हणजे शिकलेला शिक्षक निघून जातो. म्हणून एकालाच कधी पाठवू नका, दोघांना पाठवा, आणि त्यांनी आपसात तास बघायचे असं ठरवून द्या. दुसरा धोका असा की एकाने शिकून यायचं आणि बाकीच्यांना सांगायचं, या पद्धतीत प्रत्येक पायरीला अर्धं गळून जातं. शिवाय शिक्षक प्रशिक्षणाला गेल्यावर त्याचा वर्ग कोण घेणार, त्याचे पैसे कुठून येणार, हा खर्च प्रस्तावात नसला की मुख्याध्यापक शेवटच्या क्षणी शिक्षकाला सोडत नाहीत. त्यात त्यांचाही दोष नसतो.

अनुदानाच्या अटी काय म्हणतात

निवड पुष्कळदा तुमच्या हातात पूर्णपणे नसते. काही अनुदानं फक्त वस्तूंच्या खरेदीसाठी असतात, काहींत मानधन आणि प्रवास चालतो पण खरेदी चालत नाही. अर्ज भरायच्या आधी देणाऱ्याला लेखी विचारा: बदली शिक्षकाचं मानधन चालेल का, दुरुस्ती आणि चार्जिंगची सोय कशात धरायची, आणि मुदत संपल्यावर यंत्रं कोणाच्या मालकीची? सहा महिन्यांत पैसे संपवायची अट असेल तर खरेदी उरकते, पण वर्षभर पुरणारं प्रशिक्षण बसवता येत नाही. अशा वेळी प्रशिक्षणाच्या तासांचे पैसे आगाऊ भरून ठेवता येतील का, तेही विचारून घ्या.

एक चूक माझ्या हातून झाली, ती इथे सांगते. एका प्रस्तावात मी प्रशिक्षण 'उपकरणं आल्यानंतर' असं लिहिलं. पुरवठादाराकडून माल यायला उशीर झाला, प्रशिक्षकाच्या तारखा मात्र ठरलेल्या होत्या. बारा शिक्षकांनी दोन दिवस भिंतीवरच्या पडद्याकडे बघत प्रोग्रॅमिंग 'शिकलं'. यंत्रं आली तेव्हा प्रशिक्षणाचा पैसा संपला होता. त्या शिक्षकांचे चेहरे मला अजून आठवतात. आता मी खरेदीचे दोन टप्पे लिहिते: चार-पाच यंत्रं आधी, शिक्षकांना घरी नेऊन सराव करण्यासाठी, आणि बाकीची एका सत्रानंतर. याचा आणखी एक फायदा आहे. सत्रभर शिकलेला शिक्षक खरेदीच्या यादीवर बसला की ती यादी बदलते. 'तीस टॅब्लेट' खोडून तो 'पंधरा लॅपटॉप आणि मायक्रोबिटचा एक संच' लिहितो.

तुमची शाळा कोणत्या जागी आहे

शाळेत एकही धड चालणारं यंत्र नसेल तर वाद घालू नका, उपकरणं घ्या. पण दर मुलामागे एक हा हट्ट सोडा. एक टाइप करतो, दुसरा विचार करून सांगतो, दर दहा मिनिटांनी अदलाबदल, अशा जोडीने काम करताना मुलं एकमेकांना समजावतात. तीस मुलांना पंधरा यंत्रं आणि दोन राखीव, एवढ्यात वर्ग उत्तम चालतो. वाचलेले पैसे प्रशिक्षणाच्या तासांकडे वळवा. माझा अंदाज सांगायचा तर अशा शाळेत सत्तर टक्के यंत्रांवर आणि तीस टक्के शिक्षकांवर.

थोडी यंत्रं आहेत, पण ती धूळ खात पडली आहेत किंवा त्यांवर फक्त टायपिंग चालतं? मग घोडं शिक्षकापाशी अडलंय. इथे मी साठ टक्क्यांहून जास्त प्रशिक्षणावर टाकेन आणि उरलेल्यात आधी जुनी यंत्रं दुरुस्त करेन. यंत्रं कमी आहेत म्हणून थांबायचंही कारण नाही. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल यांनी सहकाऱ्यांसह १९९० च्या दशकात 'सीएस अनप्लग्ड' हे काम, म्हणजे संगणकाशिवाय खेळांतून संगणक विज्ञान शिकवणं, सुरू केलं. त्यातला द्विमान (फक्त ० आणि १ ने लिहिलेल्या) संख्यांचा खेळ पाच पत्त्यांवर होतो: १, २, ४, ८ आणि १६ ठिपके. पाच मुलं पत्ते घेऊन उभी राहतात, कोणी उलटा धरतो, कोणी सुलटा, आणि वर्ग ठिपके मोजतो. पण हा खेळ कधी थांबवायचा आणि कोणता प्रश्न विचारायचा, हे शिक्षकाला यावं लागतं.

शिक्षक तयार आहेत, मुलं उत्साहाने येतात, आणि यंत्राच्या रांगेत उभं राहण्यात तास संपतो? मग उपकरणांसाठी जोरात भांडा. प्रस्तावात त्या शिक्षकांनी आधीच घेतलेल्या प्रशिक्षणाचे तास लिहा, मुलांनी केलेले दोन-तीन प्रकल्प जोडा. तुमची बाजू तिथे आपोआप भक्कम होते.

आणि शिक्षक दरवर्षी बदलतात अशी शाळा असेल, तर माझं नेहमीचं उत्तर तिथे चालत नाही. तिथे टिकाऊ, साधी उपकरणं आणि तासागणिक तयार पाठांचा संच यांवर जास्त खर्च करावा, म्हणजे नवा शिक्षक आठवड्याभरात उभा राहू शकतो. प्रशिक्षणाचा छोटा वाटा दरवर्षी पुन्हा मागावा लागेल, हे देणाऱ्याला पहिल्याच अर्जात मोकळेपणाने सांगून टाका.