चीनमधून आणलेली "९०० वर्षं जुनी" उशी

कोणी बीजिंगहून जुनी भांडी घेणार असाल तर आधी हे वाचा, मी कंपनीच्या कामाने तिकडे दीड महिना होतो तेव्हाची गोष्ट आहे.

मला त्सिझोऊच्या भांड्यांचं वेड. हेबेई प्रांतातल्या भट्ट्यांचा माल, सोंग-जिन राजवटींच्या काळातला (साधारण दहावं ते तेरावं शतक), आपल्या लोणच्याच्या बरणीसारखंच जाड दणकट काम, वर पांढऱ्या मातीचा हात दिलेला आणि त्यावर लोहाच्या काळ्या रंगात चार फटकाऱ्यांत काढलेलं फूल. राजवाड्यासाठी नाही, साध्या लोकांसाठी बनायचं. त्यातही उश्या, हो, डोक्याखाली घ्यायच्या मातीच्या पोकळ उश्या!

जुन्या बाजारात एका दुकानात तशीच दिसली. दुकानदार काही बोललाच नाही. मीच उलटी केली तर बुडाला तीन अक्षरांचा शिक्का, झांग जिया झाओ, म्हणजे झांग घराण्याने बनवलेली, हा खरंच प्रसिद्ध शिक्का आहे आणि तो मला ओळखता आला याचाच इतका आनंद झाला की अर्धा सौदा तिथेच झाला. मग तो म्हणाला, तुम्हाला कळतं यातलं. संपलं! वरच्या चकाकीतले बारीक तडे तपकिरी कसे विचारलं तर म्हणे ही जुलूची, ११०८ च्या पुरात गाळाखाली गेलेलं गाव. आता तो पूर खरा, तिथल्या भांड्यांवर असे डाग असतात हेही खरं, मी वाचलेलं होतं. खोटं काय तर ही उशी तिथली, एवढंच. ६,५०० युआन मोजले.

पुण्यात आल्यावर कोमट पाण्यात ठेवली, तासाभरात पाणी चहासारखं झालं, बहुतेक चहाच असणार. बुडाची "गाळाची" माती नखाने निघाली, खाली गोंदाचा पापुद्रा. भिंगातून बघितलं तर झिजल्याच्या रेघा सगळ्या एकाच दिशेने, पॉलिश पेपरच्या. पॉटरी करणाऱ्या मैत्रिणीने मागच्या हवेच्या भोकातून बारीक टॉर्च मारला आणि हसायलाच लागली, आत ना कुठे सांधा ना बोटाचा दाब, म्हणजे हाताने घडवलेली नाहीच, साच्यात पातळ माती ओतून काढलेली.

तेव्हा टॉर्च न्या, ओल्या रुमालाने तडे पुसून बघा, दुकानदार नको म्हणाला तर उठा. आणि १९११ च्या आधीच्या वस्तू चीनबाहेर न्यायला मुळात बंदी आहे, हे मला एअरपोर्टच्या रांगेत आठवलं आणि घामच फुटला. तिथल्या माणसाने उशी उलटीपालटी करून बघितली, हसला आणि परत दिली. मला वाटलं, वाचलो बुवा.