फुलपाखरांचे कोष बघायला जाळीचा पिंजरा: कोकणातल्या पावसात कितपत टिकतो?

४० बाय ४० बाय ६० सें.मी.चा, घडी होणारा, चेनचा पिंजरा. अळ्यांच्या खाण्यासाठी कढीपत्त्याची कुंडी आत मावते.

खरी अडचण चेनची. लिंबू फुलपाखराची अळी खाणं थांबवते, पातळ विष्ठा टाकते आणि जागा शोधत भटकते. मग शेपटीशी रेशमाची गादी, कमरेभोवती दोरा. नेमकी चेनची पट्टी तिला भावते! नंतर चेन ओढली की दोरा तुटलाच. म्हणून आत खडबडीत काटक्या तिरक्या लावा आणि चेनवर आतून कापडाची पट्टी मारा.

छत मात्र झकास. रुईवरच्या प्लेन टायगर फुलपाखराचे कोष तिथे उलटे लटकतात. बाहेर आल्यावर ओले पंख खाली सोडायला मोकळी जागा मिळते. ती नसली तर पंख चुरगळलेलेच वाळतात. तळाशी लालसर थेंब दिसले तर घाबरू नका, ते रक्त नव्हे, कोषात साठलेला मळ.

तळ प्लास्टिकचा, आणि जुलैतल्या दमटपणात विष्ठेवर लगेच बुरशी. रोज रद्दी बदला. पिंजरा पडवीत, पागोळ्यांपासून हातभर आत ठेवा. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत, नाहीतर मुंग्या आल्याच.

जाळी माश्या अडवते, पण मऊ, ताज्या कोषात अंडी घालणारी २-३ मि.मी.ची गांधीलमाशी शिरू शकते. तिची अंडी पडलेला कोष काळवंडतो. पिकलेला कोषही काळवंडतो, पण त्यातून पंखांची नक्षी दिसते. नक्षी नाही, हात लावला तरी वळवळ नाही, असा काळवंडलेला कोष झाकणाच्या बरणीत वेगळा काढा.

पाचात साडेतीन.