बँकॉकमधून व्हिएतनामचा व्हिसा: ई-व्हिसा की वकिलात?

थायलंड फिरताना पुढे हनोई गाठायचं ठरलं, तर भारतीय पासपोर्टवर दोन मार्ग आहेत.

ई-व्हिसाला एका प्रवेशासाठी २५ डॉलर, अनेक प्रवेशांसाठी ५०. मुदत ९० दिवसांपर्यंत. पासपोर्ट तुमच्याजवळच राहतो, म्हणजे तोवर चिआंग मायला जाऊन या. कामाचे तीन दिवस सांगतात, आठवडाभर धरा. तेतच्या, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या सुट्टीत तर विसराच. घोळ होतो तो नावात. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये बहुधा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं, ते गाळलं की चेक-इन काउंटरवर अडकलात. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर भरा. जन्मतारीखही तपासा. चूक झाली तर बहुतेकदा नवा अर्ज, नवे पैसे. भरलेली फी परत नाही. एजंटांची संकेतस्थळं हुबेहूब सरकारी दिसतात, पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट व्हीएन’ आहे ना बघा. मंजुरीचा कागद छापून ठेवा.

वकिलातीत फी सहसा जास्त आणि पासपोर्ट तिथेच अडकतो. पण अर्ज समोरचा माणूस तपासतो. पासपोर्टवर आडनावच नसेल आणि ऑनलाइन अर्ज अडत असेल, तरच तिकडे जावं. एरवी ई-व्हिसाच.