किरायाचं सामान, केदारकंठ्याची हवा

पाचपैकी साडेतीन तारे. कपड्यांना चार, दुकानदाराला पाच आणि पायाखाली बांधायला जे दिलं त्याला दीड. सरासरी काढून बघा, बरोबर येते.

नागपूरच्या महाल भागात माझं औषधाचं दुकान आहे. त्यामुळे दुसऱ्याच्या दुकानात गेलो की माझी नजर आधी फळ्यांवर जाते, मग माणसावर. हे दुकान धरमपेठेच्या बाजूला, पहिल्या माळ्यावर. ट्रेकिंगचं सामान विकतात कमी, किरायाने देतात जास्त. नाव लिहीत नाही, कारण तक्रार आहे आणि माणूस भला आहे.

आम्ही चौघं, सगळे चाळिशीपार, जानेवारीत उत्तरकाशी जिल्ह्यातल्या केदारकंठ्याला निघालो होतो. तयारी म्हणजे रामटेकच्या पायऱ्या आणि एकदा पचमढीचं धूपगड. थंडीचं मला काही वाटत नव्हतं. २०१८ च्या डिसेंबरात नागपूर ३.५ अंशांवर गेलं होतं, त्या सकाळी मी स्कूटरवर जाऊन वेळेवर दुकान उघडलं होतं. हे मी त्याच्या काउंटरवर ऐकवलंसुद्धा.

पोरगा तिशीतला. हसला नाही. म्हणाला, "काकाजी, तेव्हा तुम्ही ओले होता का?"

मग त्याने बिलबुकाच्या पाठीवर हिशोब मांडला. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर, केदारकंठ्याचा माथा ३,८१०. मधे साडेतीन किलोमीटर उभी उंची. दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश उतरतात, म्हणजे नुसत्या उंचीचेच जवळपास २३ अंश गेले. वर ती जागा आपल्यापेक्षा दहा अक्षांश उत्तरेला. "आता यात वारा घाला," तो म्हणाला. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला तर उघड्या कातडीला ती थंडी उणे २० सारखी लागते. "आणि चढताना घाम येईल तो वेगळाच. कॉटनची बनियन घालून गेलात तर माथ्यावर ओलं फडकं गुंडाळून उभे राहाल."

घरी सहा नव्या कॉटनच्या बनियन आणून ठेवल्या होत्या. त्याऐवजी त्याने मला काही विकलं असेल म्हणता? नाही. "मॉर्निंग वॉकचे ते सळसळणारे टी-शर्ट असतील ना, तेच घाला." गोठणगावच्या तिबेटी बाईंकडून दर हिवाळ्यात आमच्या घरी एक लोकरी स्वेटर येतो, तोही त्याने पास केला. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब धरते. दुकानदाराने गिऱ्हाइकाला घरातलंच सामान वापरायला सांगावं, हे माझ्या धंद्यात बसत नाही. पण पाच तारे यासाठीच.

मला जॅकेट मिळालं सात नंबरचं, आत पिसं भरलेलं. मुठीत दाबून सोडलं की पुन्हा फुगलं पाहिजे, नाहीतर घ्यायचं नाही, हे त्यानेच शिकवलं. फुगलं. डांबरगोळ्यांचा वास होता आणि डाव्या खिशात कोणाच्या तरी चॉकलेटचा कागद, पण चेन सरळ चालत होती. पिसं भिजली की गोळा होऊन निकामी होतात, म्हणून वरून पातळ वॉटरप्रूफ कोट दिला, तो धरून रोजचे ९० रुपये. बूट एक नंबर मोठे दिले, कारण जाड मोज्यांवर घट्ट बूट चढवले की रक्त बोटांपर्यंत जात नाही आणि बोटं आधी जातात. गेटर्स, म्हणजे बुटांत बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीला बांधतात ते, ठीक होते.

हातमोज्यांना मात्र मनगटाला अडकवायची दोरी नव्हती. तेव्हा लक्षात आलं नाही.

पायथ्याच्या सांकरी गावाला पोचून आम्ही स्थानिक गाइड घेतला. वाटेतल्या जुडा का तालाब या तळ्यापर्यंत सगळं चित्रासारखं. त्या दिवशी दुपारी आकाशात पातळ, केस विंचरल्यासारखे ढग आले आणि सूर्याला खळं पडलं. गाइडने ते बघितलं, सांकरीला आपल्या भावाला फोन लावला आणि मग म्हणाला, "सर, कल नहीं." पश्चिमी विक्षोभ येत होता. भूमध्य समुद्राकडून ही हवा निघते आणि हिवाळ्यात हिमालयावर बर्फ टाकते. आपल्याकडे याच प्रकाराने कधीकधी जानेवारीत ढग येतात आणि तुरीवाले हवालदिल होतात. रात्रभर बर्फ पडला. दर दोन तासांनी उठून तंबूवरचा बर्फ आतून थोपटून पाडायचा आणि हवा यायला चेन थोडी उघडी ठेवायची, हे काम आलं. आमच्यातला एक जण उबेसाठी तंबूत स्टोव्ह लावतो म्हणाला. त्याला मी माझ्या दुकानातल्या आवाजात गप्प केलं. बंद तंबूतला कार्बन मोनॉक्साइड वास देत नाही, खोकला आणत नाही, नुसता झोपवतो.

सकाळी हवा उघडली, तरी गाइड हलला नाही. ताजा बर्फ बसायला निदान एक दिवस द्यायचा म्हणाला. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर तो सगळ्यात जास्त घसरतो, आणि बर्फ पडत असताना किंवा पडल्यानंतरच्या पहिल्या दिवसात जास्त.

आता इथे दुकानाचा संबंध येतो. सामान दिवसाच्या हिशोबाने किरायाने घेतलेलं. चौघांचं मिळून एका दिवसाचं भाडं अकराशेच्या घरात. तंबूत बसून दोघांनी ते गणित काढलंच: "उद्या निघालो नाही तर दुकानाचं दोन दिवसांचं भाडं अंगावर." माणूस अकराशे रुपयांसाठी जीव धोक्यात घालत नाही असं आपण घरी बसून म्हणतो. तंबूत बसून म्हणत नाही. पण पावतीच्या मागे त्या पोराने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: "हवामानामुळे थांबलेला दिवस धरत नाही." मी ती पावती सगळ्यांपुढे धरली. वाद संपला. परत आल्यावर त्याने खरंच दोन्ही दिवस धरले नाहीत, पुरावाही मागितला नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे तीनला निघालो. माथ्याजवळच्या धारेवर वारा असा होता की बोललेला शब्द शेजाऱ्यापर्यंत जात नव्हता. तिथेच आमच्या बँकवाल्या मित्राने फोटोसाठी हातमोजा काढला आणि तो उडाला. दोरी असती तर मनगटाला लटकला असता. दहा मिनिटांत त्याची दोन बोटं मेणासारखी पांढरी, बधिर. एकाने त्यांच्यावर बर्फ चोळायला घेतला, तर गाइड ओरडला, "रगड़ना मत!" काखेत घालायला लावली, वर माझे जास्तीचे मोजे चढवले. थोड्या वेळाने बोटांत आग सुटली तेव्हा गाइड हसला. मलाही बरं वाटलं, दुखणं चांगलं लक्षण होतं. पण तो मित्र शब्द चिवडायला लागला होता आणि चेनचं टोक त्याला सापडत नव्हतं. शरीराचं आतलं तापमान उतरायला लागलं की असंच सुरू होतं, आणि अशा माणसाला विचारलं तर तो "मी एकदम मस्त" म्हणतो. त्याने विचारलं, थोडी रम? भाऊ, औषधवाल्यासमोर विचारलंस. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, गरम वाटतं आणि आतली ऊब बाहेर जाते. गरम साखरेचं पाणी पाजलं, कोरडी टोपी घातली आणि खाली वळलो. स्वर्गारोहिणीची शिखररांग दिसली, पण मी पाहिली ती पाठमोऱ्याने, दोन सेकंद.

आता दीड ताऱ्याची गोष्ट. पावतीवर लिहिलं होतं "क्रॅम्पॉन". मिळाले मायक्रोस्पाइक, म्हणजे बुटावर चढवायचं रबर आणि त्याखाली साखळीला लावलेले छोटे दात. केदारकंठ्याच्या तुडवलेल्या वाटेला ते पुरतात, माझी त्याला हरकत नाही. हरकत नावाला आहे. क्रॅम्पॉनचे दात लांब असतात, कडक बुटाला पक्के बसतात आणि उभ्या बर्फाळ उतारासाठी असतात. तो शब्द वाचून कोणी अवघड चढाईला हे घेऊन गेला तर काय होईल, हे मला लिहायचं नाही. दुसरं, उतरताना शेकडो पायांनी घोटून काचेसारख्या झालेल्या वाटेवर माझ्या डाव्या पायाचं रबर कडीपाशी फाटलं. रबर जुनं होतं आणि थंडीने कडक झालेलं. मी पंधरा-वीस फूट बसल्या बसल्या गेलो आणि एका झाडाने मला थांबवलं. माकडहाड आजही पावसाची बातमी देतं. गाइडने सुतळीने बांधून दिलं.

परत देताना मी तुटलेली जोडी काउंटरवर ठेवली. पोराने माफी मागितली, त्या जोडीचं भाडं परत केलं, चहा पाजला. मी म्हटलं, "बाबू, माझ्याकडे तारीख उलटलेली पट्टी फळीवरून उतरते." त्याने मान डोलावली. परवा सहज गेलो होतो. ती जोडी खुंटीवर तशीच, सुतळीसकट.

तर जाणाऱ्यांनी जॅकेट, बूट, सल्ला बिनधास्त इथून घ्या. हातमोज्यांना दोरी घरीच शिवून घ्या. स्पाइक स्वतःचे विकत घ्या, नाहीतर रबर काउंटरवरच दोन्ही हातांनी ताणून, कडीपाशी भेग बघून घ्या. आणि सात नंबरचं जॅकेट कोणाच्या वाट्याला आलं तर उजव्या आतल्या खिशात माझी लवंगांची डबी राहिली आहे, पितळेची, वडिलांची. दुकानात दिली तरी चालेल.